कीरिंग: ई-पुस्तकांच्या किल्ल्या विंडोज, मॅक आणि लिनक्सवर सांभाळताना

माझ्या ई-पुस्तकांचा बॅकअप एनक्रिप्ट करणारी, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करणारी, एक पायथन स्क्रिप्ट मी बरेच महिने सांभाळतेय. प्रत्येक ईपबला (ई-पुस्तकाच्या फाइलला) वेगळी किल्ली, आणि स्क्रिप्ट विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर जशीच्या तशी चालली पाहिजे. एनक्रिप्शनला ‘क्रिप्टोग्राफी’ पॅकेजमधलं फर्नेट, म्हणजे एकाच किल्लीने कुलूप लावून उघडणारी तयार पद्धत, वापरते. त्याच्याबद्दल तक्रार नाही. अख्खी फाइल मेमरीत घेतं, म्हणून चित्रांची जड पुस्तकं जरा रेंगाळतात, एवढंच. सगळा वेळ जातो तो किल्ल्या ठेवण्यात, आणि ते काम ‘कीरिंग’ या पायथन लायब्ररीकडे आहे.

कीरिंग मला मनापासून आवडलं. ते किल्ली प्रत्येक सिस्टिमच्या स्वतःच्या पासवर्ड-तिजोरीत ठेवतं: मॅकवर कीचेनमध्ये लिहितं, विंडोजवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, लिनक्सवर सिक्रेट सर्व्हिस किंवा केवॉलेटमध्ये. माझा कोड मात्र एकच. किल्ली साध्या फाइलमध्ये उघडी पडून राहत नाही, हे फार मोठं काम झालं.

पण मर्यादा माहीत हव्यात. विंडोजवर एका नोंदीत २५६० बाइट मावतात आणि मजकूर यूटीएफ-१६ मध्ये (साधारण दर अक्षराला दोन बाइट) जातो, म्हणजे साधारण १२८० अक्षरं. फर्नेटची किल्ली ४४ अक्षरांची, ती आरामात बसते. २०४८ बिटांची आरएसए (दुसऱ्या एका एनक्रिप्शन पद्धतीची) खासगी किल्ली मजकूर म्हणून बसत नाही, आणि एररमध्ये आकाराचा उल्लेखही नसतो. अशी किल्ली पासफ्रेज (लांब पासवर्ड) लावून फाइलमध्ये ठेवावी, कीरिंगमध्ये फक्त पासफ्रेज. डेस्कटॉप नसलेल्या लिनक्स सर्व्हरवर बहुधा बॅकएंडच, म्हणजे किल्ली ठेवायची तिजोरीच, सापडत नाही; तिथे मी किल्ली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या मूल्यातून) घेते. मॅकवर किल्ली वाचायची परवानगी पायथनच्या एक्झिक्युटेबलला मिळते, स्क्रिप्टला नाही. त्याच पायथनवर चालणारी दुसरी स्क्रिप्टही न विचारता किल्ली वाचू शकते. वेगळं व्हेन्व्ह (पायथनचं स्वतंत्र वातावरण) करूनही फरक पडेलच असं नाही, कारण आतला पायथन बहुतेक वेळा मूळ पायथनचीच सिमलिंक (त्याच फाइलकडे नेणारा दुवा) असतो.

आणखी एक उणीव खरंच जाणवते: साठवलेल्या सगळ्या नोंदींची यादी मागायची सोय कीरिंगमध्ये नाही. नाव माहीत असेल तरच किल्ली मिळते. म्हणून स्क्रिप्ट पुस्तकांच्या आयडींची यादी स्वतः ठेवते आणि सगळ्या किल्ल्यांची एक एक्सपोर्ट फाइल करते. ती उघडायची किल्ली मी टाइप केलेल्या पासफ्रेजमधून एसक्रिप्टने, म्हणजे पासवर्डपासून किल्ली बनवणाऱ्या पद्धतीने, बनते.

मराठी पासफ्रेज वापरणाऱ्यांनी इथे सांभाळावं. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकच अक्षर म्हणून येतो, किंवा र आणि नुक्ता (खालचा टिंब) असा जोडून. काही कीबोर्ड र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) असंही लिहितात. स्क्रीनवर तिन्ही सारखे दिसतात, बाइट वेगळे, म्हणून किल्लीही वेगळी आणि फाइल उघडत नाही. एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे युनिकोडमधली एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याचा नियम, पहिले दोन प्रकार एक करतं, तिसऱ्याला हात लावत नाही. तो मी कोडमध्ये वेगळा बदलून घेते, मग मजकुराचे यूटीएफ-८ बाइट एसक्रिप्टला देते. हा क्रम एकदा ठरला की बदलायचा नाही, नाहीतर जुन्या एक्सपोर्ट फाइली बंदच राहतील. या तिन्ही रूपांची चाचणी स्क्रिप्टसोबतच ठेवली आहे. पायथनची आवृत्ती वाढवायची असली की तिन्ही सिस्टिमवर आधी तीच चालवते.