फिल्टरला एन्व्हलप: पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

पुण्यातल्या प्रायोगिक नाटकांना आणि एकांकिकांना मी ध्वनी करतो. माझ्या युरोरॅकमध्ये (छोटी मॉड्यूल्स तारांनी जोडून बनवायचा सिंथेसायझर) डोएप्फर कंपनीचा ए-१४० (एडीएसआर, म्हणजे एन्व्हलप देणारं मॉड्यूल), त्यांचाच ए-१२० लो-पास फिल्टर (वरचे स्वरांश कापणारा) आणि मेक नॉइझ कंपनीचं मॅथ्स (यातूनही एन्व्हलप मिळतो) ही तीन मॉड्यूल्स पावसाळ्यापासून सतत वापरात आहेत. आवाज घडवताना जास्तीत जास्त वेळ जातो तो एन्व्हलपने (ठोक्यासरशी चढून उतरणाऱ्या व्होल्टेजने) कटऑफ (ज्याच्या वरचे स्वरांश फिल्टर कापतो ती वारंवारता) हलवण्यात, म्हणून लिहितो आहे तेही त्याबद्दलच.

अ‍ॅटॅक, डिकेच्या (चढायच्या आणि उतरायच्या वेळेच्या) आधी हात घालावा तो एन्व्हलप किती खोल लावायचा हे ठरवणाऱ्या नॉबला. मॅथ्सच्या युनिटी आउटपुटमधून (पातळी कमी न करता देणाऱ्या) ० ते ८ व्होल्ट येतात. फिल्टरचं इनपुट एका व्होल्टला एक सप्तक (म्हणजे वारंवारता दुप्पट) या हिशोबाचं असेल, तर कटऑफ १०० हर्ट्झवरून थेट २५,६०० हर्ट्झवर पोहोचतो. तो तर ऐकण्याच्या पलीकडचा भाग. डिकेचा सुरुवातीचा तुकडा मग कानाला जाणवतच नाही आणि डिकेचा नॉब कितीही फिरवला तरी मनासारखं होत नाही. तेच दोन व्होल्ट दिले की कटऑफ १०० ते ४०० मध्ये फिरतो आणि आवाजाला लगेच आकार येतो. ए-१२० वर सीव्ही २ ला (दुसऱ्या नियंत्रण-व्होल्टेजच्या इनपुटला) स्वतःचा नॉब आहे, एन्व्हलप तिथेच जोडा.

दुसरी गोष्ट, आवाजाच्या पातळीचा आणि फिल्टरचा एन्व्हलप वेगळा ठेवा. हलगीवर काठी पडते तेव्हा वरचे स्वरांश आधी विरतात, खालचा घुमारा मागे रेंगाळतो. म्हणून पातळीचा डिके अर्धा सेकंद असेल तर फिल्टरचा मी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ठेवतो. दोन्हींना एकच एन्व्हलप दिला की सगळे आवाज एकसारखे, खेळण्यातल्यासारखे वाटतात.

मॅथ्सवर मी खरा जीव लावला तो त्याच्या वक्राच्या नॉबमुळे. एक्स्पोनेन्शियलकडे नेलं की उतार आधी झपकन आणि मग सावकाश होतो, तार छेडल्यासारखा. लॉगरिदमिककडे नेलं की फिल्टर बराच वेळ उघडा राहतो आणि शेवटी एकदम मिटतो. वक्र बदलला की एकूण वेळही बदलतो, त्यामुळे राइज (चढ) आणि फॉल (उतार) पुन्हा लावावे लागतात. चालू प्रयोगात तो नॉब हलवू नका.

नाटकात सर्वाधिक उपयोग होतो तो संथ एन्व्हलपचा. संवादांखाली दबलेला ड्रोन (सलग चालणारा सूर) ठेवायचा आणि पूर्ण प्रसंगभर कटऑफ हळूहळू चढवायचा. सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत प्रेक्षकांना आवाज बदलतोय हे कळत नाही, पण ताण वाढतो. उलटा एन्व्हलपही लावून पाहा: कटऑफ वर ठेवून मॅथ्सचा अ‍ॅटेन्युव्हर्टर (व्होल्टेज कमी किंवा उलटं करणारा नॉब) डावीकडे न्यायचा. ठोका पडला की फिल्टर मिटतो आणि मग उमलत जातो. पात्र घाबरून श्वास रोखतं तिथे हे अतिशय चांगलं बसतं.

ए-१२० ची जातकुळी सिंथेसायझर बनवणाऱ्या रॉबर्ट मूगच्या ट्रान्झिस्टर लॅडर या फिल्टर-रचनेची, सप्तकाला २४ डेसिबल कापणारी. मूगला त्या रचनेचं पेटंट १९६९ साली मिळालं. रेझोनन्स (कटऑफजवळच्या स्वरांशांचा उठाव) वाढवला की या रचनेत खर्ज पातळ होतो, त्यामुळे मिक्सरमध्ये मूळ आवाज थोडा मिसळावा. रेझोनन्स पूर्ण वर नेला की फिल्टर स्वतःच सुरात वाजू लागतो. अशा वेळी कटऑफला अगदी आखूड डिके दिला की उंचावरून खाली घसरणारा छान ढोल मिळतो. ऑसिलेटर (सूर निर्माण करणारं मॉड्यूल) लागतच नाही.

बाहेरून मागवणार असाल तर सीमाशुल्क धरून हिशोब करा. त्याआधी व्हीसीव्ही रॅक या संगणकावरच्या मॉड्युलर सिंथेसायझरच्या मोफत आवृत्तीत एक एडीएसआर, एक फिल्टर आणि मध्ये एक अ‍ॅटेन्युएटर (पातळी कमी करणारा नॉब) जोडून वरचे प्रयोग करून बघा. पॅच केबल (मॉड्यूल्स जोडायच्या तारा) घरी करायच्या असतील तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ ३.५ मिमीचे मोनो प्लग मिळतात.