महागड्या रेस्टॉरंटात जायचंय: दुपारी की रात्री?

कुलाबा, नरिमन पॉइंट नाहीतर लोअर परळच्या एखाद्या महागड्या ठिकाणी एकदा जेवायचं घरात ठरलं, की वेळेवरून वाद होतोच. माझं मत आधीच सांगते: पदार्थ चाखायचे असतील तर कामाच्या दिवसाची दुपार, प्रसंग साजरा करायचा असेल तर रात्र.

बऱ्याच ठिकाणी सोमवार ते शुक्रवार ठरावीक दराचा सेट लंच असतो. स्टार्टर, मुख्य पदार्थ, गोड. ऑफिसवाल्यांसाठी काढलेला, पण आपल्यालाही मिळतो, आणि स्वयंपाकघर तेच असतं. रात्री एकेक पदार्थ वेगळा मागवायचा, त्यात ‘एक ग्लास घेऊ या’ सुरू झालं की बिल फुगतं. मात्र दुपार स्वस्त म्हणून रविवारी जाऊ नका. त्या दिवशी बहुधा सेट लंच नसतो, महागडा ब्रंच असतो, वर मेगाब्लॉक.

करात दुपार-रात्र असा फरक नाही, जागेप्रमाणे आहे. स्वतंत्र रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के. खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या हॉटेलात १८ टक्के. म्हणजे ६,००० रुपयांच्या जेवणावर एकीकडे ३०० आणि दुसरीकडे १,०८०. सेट लंचमध्ये वाचवलेले पैसे इथे सहज जातात. सर्व्हिस चार्ज देणं बंधनकारक नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये मान्य केलंय. नको असेल तर बिलातून काढायला सांगा, संकोच कसला?

समुद्र बघायला जाणाऱ्यांची गंमत वेगळीच. मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास होतो. तेव्हा दुपारचं स्वयंपाकघर बंद झालेलं असतं आणि रात्रीचं उघडलेलं नसतं. जूनमध्ये सूर्य सव्वासातपर्यंत टिकतो, सातचं टेबल मिळालं तर जमेल. पण तेव्हा ढग असतात. दुपारी पाण्यावरचा लखलखाट डोळ्यांना खुपतो. दिव्यांची माळ हवी असेल तर रात्रच.

पापलेट-सुरमईसाठी जात असाल तर घड्याळ सोडा, कॅलेंडर बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते.

आईबाबांना नेत असाल तर दुपार, यात मला शंकाच नाही. रात्री साडेनऊला मुख्य पदार्थ येईपर्यंत बाबा दोनदा घड्याळ बघतात आणि आईला ॲसिडिटी आठवते. शिवाय डोंबिवली-विरारला परतायचं असेल तर शेवटच्या गोडाऐवजी शेवटच्या लोकलकडेच लक्ष राहतं. टॅक्सी केली तर मध्यरात्रीनंतर काळी-पिवळीचं भाडं सव्वापट.

दोघंच असाल, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल, तर रात्रीला तोड नाही. दहा-बारा छोटे पदार्थ एकामागून एक येणारा टेस्टिंग मेन्यू दोन-तीन तास मागतो. दुपारी ऑफिसचे फोन घेत तो खाण्यात अर्थ नाही. नटूनथटून जायलाही रात्रच बरी. दुपारच्या घामात, विशेषतः मे महिन्यात, पैठणी नेसून टॅक्सीतून उतरायची हौस मला तरी नाही.

काहीही ठरवलंत तरी सेट लंच त्या दिवशी आहे का, हे फोन करून विचारा. खिडकीजवळचं टेबलही तेव्हाच मागून घ्या. शुक्रवारी रात्री दारात उभं राहून ते मिळत नाही.