पॅनल बदललं म्हणून 4200 रुपये घेतले, बदलला होता एक कंडेन्सर

मिरजेत घराच्या पुढच्या खोलीत मी डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, मार्चनंतर पतसंस्थांचे अहवाल. 2010 मध्ये घेतलेल्या 19 इंची मॉनिटरवर हे सगळं चालायचं. 2018 च्या एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, तो बिघडला. बटण दाबलं की कंपनीचं नाव उमटायचं, दोन सेकंद डेस्कटॉप दिसायचा आणि पडदा काळा व्हायचा. बटणाजवळचा निळा दिवा मात्र लागलेलाच. परत बंद करून चालू केला की पुन्हा तेच, दोन सेकंद उजेड आणि अंधार.

हातात अकरा पत्रिका होत्या. रिक्षात घालून मॉनिटर दुकानात नेला. तिथल्या माणसाने तो उघडलासुद्धा नाही. एकदा चालू करून बघितला आणि म्हणाला, "ताई, पॅनल गेलं. जुनं मॉडेल आहे, मागवावं लागेल. 4200 होतील. नवा घ्यायचा तर सातच्या पुढे जाल." मी हो म्हटलं. त्या घाईत दुसरीकडे विचारायचं सुचलं नाही. तीन दिवसांनी मॉनिटर मिळाला, चालू होता. सोबत एक चिठ्ठी, तिच्यावर फक्त "मॉनिटर रिपेअरिंग 4200". पॅनल हा शब्द तोंडी होता, कागदावर नव्हता. हे माझ्या लक्षात यायला आठ महिने लागले.

डिसेंबरात तो पुन्हा तसंच करायला लागला. सकाळी गारठ्यात चार-पाच वेळा बटण दाबावं लागायचं. एकदा का टिकला की दुपारभर बिनतक्रार. मग तेही थांबलं. दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, "वॉरंटी तीन महिन्यांची होती."

आमच्या गल्लीच्या टोकाला एक चाचा आहेत. तीस-पस्तीस वर्षं टीव्ही आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करतात. त्यांनी मॉनिटर चालू केला, पडदा काळा होऊ दिला, मग खोलीतली ट्यूब बंद केली आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला अगदी तिरका टेकवला. "बघ बेटा." त्या अंधारात माझे फोल्डर होते. फिकट, धुक्यातून दिसावेत तसे, पण सगळे जागच्या जागी. माउस हलवला तर बाणही हलत होता.

चाचांनी मग समजावून सांगितलं. एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. चित्र पॅनल काढतं, उजेड मागून येतो. माझ्या मॉनिटरमध्ये तो उजेड शाईच्या रिफिलीसारख्या बारीक काचनळ्यांचा होता. त्या नळ्या चालायला शेकडो व्होल्ट लागतात आणि पेटायच्या क्षणी त्याहून जास्त. ते व्होल्टेज इन्व्हर्टर नावाची सर्किट तयार करते. इन्व्हर्टरला लागणारा डीसी पुरवठा सपाट ठेवायचं काम कंडेन्सरचं, म्हणजे वीज साठवून लागेल तशी देणाऱ्या छोट्या डबीचं. त्याच्या आतलं द्रावण वर्षानुवर्षं उष्णतेत राहून सुकलं की अंतर्गत रोध वाढतो आणि त्याला झटक्यात करंट देता येत नाही. नळ्यांनी करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं, इन्व्हर्टरमधलं संरक्षण जागं होतं आणि नळ्या विझवतं. माझे दोन सेकंद ते हेच. चित्राच्या बोर्डाला मात्र थोडकीच वीज पुरते, म्हणून चित्र आत चालूच राहतं. थंडीत द्रावणाचा रोध आणखी वाढतो, म्हणून सकाळी हट्ट आणि दुपारी नीट.

मग त्यांनी मागचं झाकण काढलं. पॉवर बोर्डावर, गरम होणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पट्टीला चिकटून, दोन कंडेन्सर शेजारी शेजारी उभे होते. दोन्ही 1000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्ट. एक जुना, मूळचाच. त्याच्या डोक्यावरची फुली उकलली होती आणि तिथे तपकिरी खरपूड साचली होती. दुसरा वेगळ्या रंगाचा, नवा. त्याच्या पायाशी सोल्डरचा फ्लक्स अजून पिवळा, चिकट. अंगावर छापलं होतं 85 डिग्री, म्हणजे जास्तीत जास्त तेवढ्या उष्णतेसाठी बनवलेला. चाचा चुकचुकले. अशा जागी 105 डिग्रीचा, कमी ईएसआरचा, म्हणजे अंतर्गत रोध कमी असलेला कंडेन्सर लागतो. दहा डिग्री उष्णता वाढली की याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि इथे तर साधा माल पट्टीला टेकवून ठेवला होता. म्हणजे त्या दुकानात कुणीतरी झाकण उघडलं, दोनातला एक बदलला, तोही हलका, आणि झाकण लावलं. दहा-पंधरा रुपयांची वस्तू.

मी तरी म्हणत होते, पॅनलही बदललं असेल ना? तेव्हा मला तो ठिपका आठवला.

पडद्यावर खाली डाव्या बाजूला एक पिक्सेल मेलेला आहे, पहिल्या वर्षापासून. पांढऱ्या पानावर तो बारीक काळा ठिपका दिसतो. ओळ नेमकी त्याच्याखाली आली की अक्षरावर अनुस्वार चढतो. एकदा एका अहवालात "गाव" हा शब्द मला जुन्या वळणाचा "गांव" दिसत राहिला आणि तो अनुस्वार खोडायला मी तीनदा बॅकस्पेस मारला होता. दुकानातून मॉनिटर आला त्यानंतरचे आठ महिने तो ठिपका त्याच जागी होता. मी रोज त्याच्याकडे बघत होते आणि पॅनल नवीन आहे असं मानत होते.

चाचांनी दोन्ही कंडेन्सर बदलले, योग्य रेटिंगचे, पट्टीपासून जरा लांब वाकवून. सामानासकट 300 रुपये घेतले आणि काढलेले दोन्ही तुकडे औषधाच्या पुडीत घालून माझ्या हातात दिले. मॉनिटर आजही चालतो.

दर वेळी कंडेन्सरच असतो असं नाही. नळी संपते, इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर जळतो, सोल्डर सुटतं. हल्लीच्या मॉनिटरमध्ये नळ्यांऐवजी एलईडीच्या पट्ट्या असतात, त्यांच्या ड्रायव्हरमध्येही कंडेन्सर असतातच. पण टॉर्चखाली चित्र धड दिसत असेल तर पॅनल गेलं म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. बदललेला जुना भाग परत मागा. बिलावर काय बदललं ते लिहून घ्या. आणि कुणी स्वतः झाकण उघडू नका. त्याच बोर्डावर मोठा 400-450 व्होल्टचा कंडेन्सर असतो, प्लग काढल्यावरही त्यात तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. चाचांनीही आधी त्यातली साठलेली वीज उतरवून घेतली, मगच हात लावला.

पुडी घेऊन मी दुकानात गेले. ठिपक्याचं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, असा ठिपका कुठल्याही पॅनलला येतो." मी विचारलं, त्याच जागेवर? जुनं पॅनल कुठे आहे, दाखवा. ते भंगारात गेलं म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. माझ्या चिठ्ठीत पॅनल शब्द नव्हता, त्यामुळे बोलायला जागा उरली नाही. पैसे मिळाले नाहीत. त्याच्या मागच्या टेबलावर तीन मॉनिटर पालथे ठेवलेले होते, प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलेली. एकीवरचं मला वाचता आलं, "चालू होतो, डिस्प्ले जातो". तो ज्याचा कुणाचा असेल त्याच्यासाठी हे सगळं लिहिलं आहे.