थांबवला की बरोबर, सोडला की चूक: व्हीएस कोडचा डीबग मोड

टर्मिनलवरून प्रोग्राम चालवला की ग्रंथालयाच्या दंडाची एकूण रक्कम 1950. तोच प्रोग्राम, त्याच नोंदी, पण व्हीएस कोड या एडिटरमध्ये ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम जिथे थांबवायचा तिथली खूण, लावून एफ5 दाबलं की 2730. कागदावर बेरीज करून पाहिली होती, त्यामुळे 2730 हाच आकडा खरा हे मला ठाऊक होतं. म्हणजे प्रोग्राम चुकत होता, आणि चूक बघायला मी आत शिरले की सुतासारखा सरळ होत होता.

पायथॉनमध्ये काम करताना गेली सहा वर्षं मी हा डीबग मोड, म्हणजे प्रोग्राम मधेच थांबवून आत काय चाललंय ते बघायची सोय, रोज वापरते. तरी त्याच्याबद्दल चार ओळी लिहाव्यात असं याआधी कधी वाटलं नव्हतं. या एका बगनं साडेतीन दिवस खाल्ले आणि त्या साडेतीन दिवसांत या साधनाची जेवढी ओळख झाली तेवढी सहा वर्षांत झाली नव्हती. म्हणून हा रिव्ह्यू. आधीच सांगते, चूक एडिटरची नव्हती, माझ्या कोडची होती. पण ती झाकली कशी गेली आणि उघडी कशी पडली, या दोन्हींत एडिटरचा हात होता.

प्रोग्राम साधा आहे. एका ग्रंथालयाची उशिरा परत आलेली पुस्तकं, त्यांचे उशिराचे दिवस, आणि सभासदाच्या प्रकारानुसार दर. त्या महिन्यात प्रौढ सभासदांचे उशिराचे दिवस 780 आणि बालसभासदांचे 390. प्रौढांचा दर 3, बालांचा 1. दर एका सीएसव्ही फाइलमध्ये आहेत. हिशोबाचा क्लास ती फाइल सुरुवातीलाच उघडत नाही. 'दर' ही प्रॉपर्टी पहिल्यांदा कुणी मागितली की फाइल वाचायची, वाचलेलं जवळ ठेवायचं, पुढच्या वेळी तेच द्यायचं. असा आळशी लोड मी शेकडो वेळा लिहिला आहे.

पहिला संशय नेहमीच्या जागी गेला. डीबग आणि टर्मिनल यांचे निकाल वेगळे आले की सगळेच आधी लाँच डॉट जेसन ही डीबगच्या सेटिंगची फाइल उघडतात, मीही उघडली. वर्किंग डिरेक्टरी, म्हणजे प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये चालतो ती, कुठली आहे, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स कुठून येतात, खालच्या पट्टीत निवडलेला पायथॉन आणि टर्मिनलमधला पायथॉन एकच आहे का? सगळं जुळत होतं. तरी यात एक अख्खा दिवस गेला, कारण प्रत्येक गोष्ट बदलून पुन्हा चालवून पाहिल्याशिवाय माझं समाधान होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ब्रेकपॉइंट काढले आणि एफ5 दाबलं. 1950! डीबग मोड चालू, डीबगर जोडलेला, आणि तरी चुकीचा आकडा. हे मी पहिल्याच तासात करायला हवं होतं. फरक डीबग मोडमुळे पडत नव्हता, थांबण्यामुळे पडत होता. मग ब्रेकपॉइंट एकेक ओळ खाली सरकवत नेला. 41व्या ओळीवर थांबले तर 2730. 44वर थांबले तरी 2730. 47वर थांबले तर 1950. मधे 45व्या ओळीवर एक ओएस डॉट सीएचडीआयआर होतं, म्हणजे वर्किंग डिरेक्टरी बदलणारी आज्ञा. अहवालाच्या सगळ्या फाइल्स एकाच फोल्डरमध्ये पडाव्यात म्हणून महिन्यापूर्वी मीच ते घातलं होतं. त्या ओळीकडे मी पाहिलं आणि पुढे गेले. डोक्यात वेळेचा गोंधळ घट्ट बसला होता. थांबल्यामुळे कुठल्यातरी थ्रेडला, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामाला, वेळ मिळतो आणि काम पुरं होतं, अशी माझी समजूत. प्रोग्राममध्ये एकही थ्रेड नव्हता हे माहीत असूनही मी ती सोडत नव्हते.

बघायला गेलं की नाहीशा होणाऱ्या अशा बगला हायझेनबग म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी 1985मध्ये संगणक का बंद पडतात यावर लिहिताना हा शब्द वापरला, आणि त्याच्या उलट दर वेळी तसाच दिसणाऱ्या बगला बोहरबग म्हटलं. नाव माहीत असून फायदा काही होत नाही. उलट माझ्या बाबतीत तोटाच झाला. हायझेनबग म्हटलं की थ्रेड आणि वेळ एवढंच सुचतं, आणि तिथेच मी अडकले.

सुटका केली ती लॉगपॉइंटनं, आणि या रिव्ह्यूतलं सगळ्यात मोठं कौतुक त्याचंच. व्हीएस कोडमध्ये ही सोय 2018पासून आहे, तरी माझ्या ओळखीतले बहुतेक जण अजून कोडमध्ये प्रिंट टाकतात आणि नंतर ते काढायला विसरतात. ओळीच्या डाव्या कडेला राइट क्लिक करायचं, लॉगपॉइंट निवडायचा, मजकूर लिहायचा, आणि महिरपी कंसात एक्स्प्रेशन द्यायचं. लाल गोलाच्या जागी लाल चौकट दिसते, टोकावर उभी. प्रोग्राम तिथे थांबत नाही, फक्त डीबग कन्सोलमध्ये ओळ छापून पुढे जातो. कोडमध्ये एक अक्षर बदलत नाही.

41व्या ओळीवर पहिला लॉगपॉइंट टाकला तेव्हा महिरपी कंसात सरळ हिशोबाचं ऑब्जेक्टच लिहिलं. चालवलं. 2730! थांबलं कुठेच नव्हतं, तरी आकडा बरोबर. हातात आलेला चोर पुन्हा निसटला, पण या वेळी त्यानं काहीतरी मागे ठेवलं होतं. वेळेची समजूत इथेच संपली. थांबण्यात काही नव्हतं. ऑब्जेक्ट छापण्यात काहीतरी होतं.

मग ऑब्जेक्टला हात न लावता फक्त चालू डिरेक्टरी छापणारे दोन लॉगपॉइंट टाकले. एक 41व्या ओळीवर, दुसरा बेरीज करणाऱ्या मेथडच्या पहिल्या ओळीवर. पहिल्यानं प्रोजेक्टचं फोल्डर छापलं. दुसऱ्यानं अहवालाचं. निकाल 1950. अहवालाचं फोल्डर उघडलं तर तिथे दरांची फाइल होती. जुनी. प्रौढांचा दर 2 होता तेव्हाची. कधीतरी पडताळणीसाठी मीच ठेवलेली प्रत. फाइलचा पाथ कोडमध्ये नुसत्या नावानं दिला होता, त्यामुळे डिरेक्टरी बदलली की वाचली जाणारी फाइलही बदलत होती. 780 गुणिले 2 अधिक 390, म्हणजे 1950. दोन्ही आकड्यांतला फरक बरोबर 780, प्रौढांचे उशिराचे दिवस जेवढे तेवढाच. तो पहिल्या दिवसापासून माझ्या समोरच्या कागदावर होता. ती जुनी प्रत तिथे नसती तर प्रोग्राम पहिल्याच फेरीत फाइल सापडत नाही म्हणून थांबला असता आणि काम पाच मिनिटांत झालं असतं.

इथे बरेच जण दुरुस्ती करून उठतील. मला उठवेना. चूक का होते ते कळलं होतं, पण बघताना ती का होत नाही ते कळलं नव्हतं.

ब्रेकपॉइंट परत 41वर लावला आणि डाव्या बाजूचा व्हेरिएबल्स हा भाग मिटवून टाकला. शीर्षकावर क्लिक केलं की तो दुमडतो. वॉचमध्येही काही ठेवलं नाही आणि माउस कोडवरून दूर नेला. एफ5, थांबला, पुन्हा एफ5. 1950. भाग उघडला, तेच पुन्हा केलं. 2730. चार वेळा उलटसुलट करून पाहिलं आणि चारही वेळा तसंच झालं. मग 'दर' प्रॉपर्टीच्या आत ट्रेसबॅक मॉड्यूलचं प्रिंट स्टॅक टाकलं, म्हणजे तिला कोण बोलावतंय ते नावानिशी कळेल. टर्मिनलवरून चालवल्यावर यादी छोटी होती: मुख्य फाइल, बेरजेची मेथड, दर. डीबगमध्ये 41वर थांबल्यावर आली ती लांबलचक यादी, वर सगळ्या पायडेव्हडीच्या, म्हणजे डीबगरच्याच, फाइल्स, आणि शेवटच्या दोन ओळी माझ्या क्लासमधल्या. आधी रेप्र, मग दर.

ती रेप्र मेथड मीच लिहिलेली होती. ऑब्जेक्ट छापल्यावर नुसता मेमरीचा पत्ता दिसण्याऐवजी किती नोंदी आणि किती दर आहेत ते दिसावं म्हणून. किती दर आहेत हे सांगायला तिला दर मोजावे लागत, आणि मोजायचे तर फाइल वाचावी लागे.

आता सगळं जुळलं. व्हीएस कोडला स्वतःला पायथॉन कळत नाही. तो डीबग अ‍ॅडॅप्टर प्रोटोकॉल या ठरलेल्या भाषेत, जेसनच्या निरोपांतून, दुसऱ्या एका प्रोग्रामशी बोलतो. पायथॉनसाठी तो प्रोग्राम म्हणजे डीबगपाय, आणि त्याच्या पोटात पायडेव्हडी. ब्रेकपॉइंट लागला की डीबगपाय 'थांबलो' असं कळवतो. मग एडिटर विचारत जातो: थ्रेड कोणते, कॉल स्टॅक (कुणी कुणाला बोलावलं त्याची यादी) काय, स्कोप कोणते, आणि शेवटी व्हेरिएबल्स काय आहेत. व्हेरिएबलची किंमत पॅनलमध्ये दाखवायची तर तिचा मजकूर हवा, आणि पायथॉनमध्ये असा मजकूर रेप्रच देते. म्हणजे ज्या ऑब्जेक्टची रेप्र मी लिहिली आहे, त्याची त्या पॅनलमधली ओळ माझाच कोड चालवून आलेली असते. तो कोड निरुपद्रवी असेल तर काही बिघडत नाही. माझा नव्हता. 41व्या ओळीवर डिरेक्टरी अजून बदललेली नव्हती, तेव्हाच पॅनलनं रेप्रला बोलावलं, रेप्रनं योग्य फाइल वाचून घेतली, ती जवळ राहिली, आणि पुढची बेरीज त्या योग्य दरांनी झाली. 47वर थांबलं की तेच सगळं चुकीच्या फोल्डरमध्ये होत होतं.

जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कवर काम करणाऱ्यांनी याची सावली पाहिलेली असते, बहुतेकांना कारण माहीत नसतं. डीबग करताना डेटाबेसच्या क्वेरी लॉगमध्ये आपण न लिहिलेली, शेवटी लिमिट 21 असलेली क्वेरी दिसते. क्वेरीसेटची, म्हणजे जँगोनं डेटाबेसमधून मागवलेल्या नोंदींच्या संचाची, रेप्र 20 ओळी दाखवते, आणि पुढे आणखी आहेत का हे कळावं म्हणून एक जास्त मागवते. ती क्वेरी बहुतेक वेळा आपल्या पॅनलनं पाठवलेली असते.

आता साधन म्हणून या डीबग मोडबद्दल. कॉल स्टॅकमधल्या कुठल्याही फ्रेमवर क्लिक करून तिथली व्हेरिएबल्स पाहता येतात आणि डीबग कन्सोलमध्ये त्याच फ्रेमच्या संदर्भात एक्स्प्रेशन चालवता येतं, ही माझी रोजची भाकरी आहे. कंडिशनल ब्रेकपॉइंट उत्तम, फक्त लाखभर फेऱ्यांच्या लूपमध्ये लावला तर अट प्रत्येक फेरीत तपासली जाते आणि प्रोग्राम रेंगाळतो. तिथे मी अट कोडमध्येच लिहिते आणि आत साधा ब्रेकपॉइंट ठेवते. जस्ट माय कोड हा पर्याय मुळात चालूच असतो, म्हणून एफ11 दाबूनही लायब्ररीच्या आत जाता येत नाही. नवशिक्यांना वाटतं की डीबगर बिघडला. लाँच डॉट जेसनमध्ये तो फॉल्स केला की आत जाता येतं. तिथेच लॉग टू फाइल ट्रू केलं की डीबगपायच्या लॉगमध्ये एडिटरशी झालेलं सगळं बोलणं मिळतं. मी शेवटी तेही वाचलं आणि थांबण्याच्या निरोपानंतर व्हेरिएबल्सची मागणी डोळ्यांनी पाहिली.

एक इच्छा मात्र आहे. जावास्क्रिप्ट डीबग करताना हाच एडिटर गेटर, म्हणजे किंमत मागितल्यावर चालणारा कोड, आपणहून चालवत नाही. तिथे तीन टिंबं दाखवतो, आपण क्लिक केलं तरच किंमत काढतो. प्रोटोकॉलमध्येच तशी सोय आहे. पायथॉनमध्येही एखाद्या क्लासपुरतं 'याची रेप्र मागितल्याशिवाय चालवू नकोस' असं सांगता आलं तर मला फार आवडेल. पॅनल भरताना माझा कोड चालतो ही गोष्ट इतकी महत्त्वाची आहे की ती प्रत्येक नव्या वापरणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच कळायला हवी.

पायथॉन, जावास्क्रिप्ट किंवा आणखी कशात काम करणाऱ्या कुणालाही मी हा डीबग मोड बिनधास्त सुचवेन. पाचपैकी साडेचार, आणि त्यातला एक पूर्ण गुण एकट्या लॉगपॉइंटला.

माझी दुरुस्ती चार ओळींची निघाली. दरांच्या फाइलचा पाथ आता प्रोग्रामच्या फाइलच्या जागेवरून पूर्ण बनतो, डिरेक्टरी बदलणारी 45वी ओळ गेली, रेप्र फक्त नोंदींची संख्या सांगते, आणि जुनी प्रत अहवालाच्या फोल्डरमधून काढली. नंतर टर्मिनलवरून एकदा, 41वर थांबून एकदा, 47वर थांबून एकदा आणि पॅनल मिटवून एकदा असा प्रोग्राम चालवला. चारही वेळा 2730.