ऑफिस आणि ग्रुपसाठी घेतलेलं सायकल ट्रॅफिक ट्रेनिंग, आठ महिन्यांनंतर

मी बाणेरच्या एका कंपनीत ॲडमिन बघते, राहते कोथरूडला, आणि गेली चार वर्षं आठवड्यातले तीन दिवस तरी सायकलने ऑफिसला जाते. लॉ कॉलेज रोड, सेनापती बापट रोड, विद्यापीठ चौक आणि मग बाणेर रोड. शिवाय आमचा रविवारचा सायकल ग्रुप आहे तो वेगळा. गेल्या जूनच्या तोंडावर आधी ऑफिसात आणि मग ग्रुपमध्ये सायकल ट्रॅफिक सेफ्टीचं ट्रेनिंग चालू केलं, त्याला आठ महिने झाले. बरेच जण विचारतायत की आम्हाला पण करायचंय, कसं केलंत, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. लांबलंय, पण कुठलं काय कापावं कळेना.

आमच्या एका सहकाऱ्याला बाणेर रोडवर लागलं तिथून हे सुरू झालं. हेल्मेट होतं, स्पीड कमी होता, अगदी डाव्या कडेने चालला होता, पार्क केलेल्या कारचं दार धाडकन उघडलं आणि तो त्याच्यावर आदळून पडला, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर. ऑफिसात सगळे हेच म्हणत होते की बिचारा कडेने तर चालला होता. मी पण तेच म्हणत होते, कारण लहानपणी सायकल हातात आली त्या दिवसापासून आई मागून ओरडायची, "कडेने जा गं". पुण्यात वाढलेल्या प्रत्येकाने हे ऐकलेलं असणार. पुढे ट्रेनर आले तेव्हा त्यांना हे सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले की कडेने चालला होता म्हणूनच दार लागलं. त्या वाक्यावर मी दोन दिवस विचार करत होते.

पण त्यांच्याआधी आम्ही एक चूक केली. जो पहिला मिळाला त्याला बोलावलं, एसी हॉलमध्ये दोन तास स्लाइड, शेवटी सगळ्यांना सर्टिफिकेट. स्लाइड अमेरिकेतल्या होत्या, म्हणजे चित्रांत सगळा ट्रॅफिक रस्त्याच्या उजव्या बाजूने चाललेला, आणि आमच्या लोकांना प्रत्येक चित्र डोक्यात उलटं करून बघावं लागत होतं. डावीकडे वळणाऱ्या गाडीचा धोका आपल्याकडे मोठा, तो तिथे उजवीकडच्या वळणाला दाखवलेला. पुढच्या सोमवारी सगळे जसे यायचे तसेच आले. पैसे गेले त्यापेक्षा लोकांचा त्या विषयातला रस गेला याचं जास्त वाईट वाटलं, परत सगळ्यांना तयार करायला महिना गेला. तुम्ही कुणाला बोलावणार असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा, रस्त्यावर नेणार का? नाही म्हणाले तर घेऊ नका.

दुसऱ्यांदा मिळालेले दोघं ट्रेनर वेगळे होते. ही जाहिरात नाही म्हणून त्यांचं नाव लिहीत नाहीये. त्यांची पद्धत तीन पायऱ्यांची. आधी बंद जागेत, आमच्याकडे शनिवारी रिकामं असलेलं पार्किंग, मग आतले शांत रस्ते, मग खरा ट्रॅफिक. ब्रिटनमध्ये २००७ पासून बाइकेबिलिटी म्हणून प्रोग्रॅम आहे त्यातही अशाच तीन लेव्हल आहेत, आणि तिकडेही आपल्यासारखाच डावीकडून ट्रॅफिक, त्यामुळे ते आपल्याला सरळ लागू पडतं असं ते म्हणाले. पार्किंगमध्ये १२ जण एका वेळी, रस्त्यावर फक्त चार, एक ट्रेनर पुढे आणि एक मागे.

पार्किंगमधल्या दोन तासांत जे झालं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पहिली पंधरा मिनिटं हवा-ब्रेक-चेन, रोज निघायच्या आधी एवढं बघायचंच. मग हेल्मेट, भुवईच्या वर दोन बोटं, हनुवटीखाली पट्ट्यात दोन बोटं जातील इतकंच ढिलं (आमच्यातल्या निम्म्या लोकांची हेल्मेट मागे कपाळावर सरकलेली होती). कायद्याने हेल्मेट मोटर असलेल्या दुचाकीला सक्तीचं आहे, साध्या सायकलला नाही, पण त्यांनी बिनहेल्मेट कुणालाच बसू दिलं नाही. मग पुढचा ब्रेक. आपल्याकडे बहुतेक सायकलींना तो उजव्या हाताला असतो आणि "पुढचा दाबलास तर पालथी पडशील" या भीतीने अर्धी माणसं तो वापरतच नाहीत. चुन्याची रेघ मारून आधी फक्त मागच्या ब्रेकने थांबायला लावलं आणि मग दोन्ही ब्रेक, हात ताठ, बूड मागे सरकवून. दुसऱ्या वेळी जवळपास निम्म्या अंतरात सायकल थांबली. मी चाळिशीची बाई, इतकी वर्षं सायकल चालवतेय आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरं म्हणजे उजव्या खांद्यावरून मागे बघणं. ऐकायला सोपं वाटतं पण मान वळली की हँडल पण वळतं. ट्रेनर मागे उभे राहून बोटं दाखवायचे, सरळ रेघेवर चालवत किती बोटं ते ओरडून सांगायचं. एक सहकारी तर तासभर तेवढंच करत होती आणि आज ती सेनापती बापट रोडला लेन बदलते तेव्हा मागच्या गाडीवाल्याला आधी कळतं की ही आता उजवीकडे येणार.

आणि मग तो कडेचा विषय. पार्क केलेल्या गाड्यांपासून निदान दीड मीटर लांब, कारण दार पूर्ण उघडलं की मीटरभर जागा तेच खातं. कडेलाच वाळू, कडेलाच चेंबरच्या जाळ्या, कडेनेच राँग साइडने येणाऱ्या दुचाक्या. रस्ता इतका अरुंद असेल की कार आपल्याला नीट ओव्हरटेक करूच शकत नाही तिथे लेनच्या मधे राहायचं, मागचा थांबेल, हॉर्न वाजवेल, वाजवू दे, हॉर्न वाजवतोय म्हणजे त्याने आपल्याला बघितलंय. रुंदी मिळाली की परत डावीकडे येऊन त्याला जाऊ द्यायचं. पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते. अजूनही लॉ कॉलेज रोडवर संध्याकाळी साडेसहाला मधे राहायला धीर लागतो, पण आठ महिन्यांत कट मारून जाणाऱ्या गाड्या खरंच कमी झाल्यात, हे माझ्या रोजच्या रस्त्यावरचं सांगतेय.

विद्यापीठ चौकासाठी त्यांनी वेगळं शिकवलं. २०२० ला जुना पूल पाडल्यापासून तिथली मांडणी इतक्यांदा बदललीय की आज पाठ केलेलं उद्या चालेल याची खात्री नाही. म्हणून उजवीकडे वळायचं असेल तर सरळ पलीकडे जायचं, तिथे डाव्या बाजूला थांबून सायकल फिरवायची आणि दुसऱ्या सिग्नलला जायचं, किंवा उतरून चालत. दोन मिनिटं जास्त जातात. मला ही पद्धत पटली, मी रोज तशीच करते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती. ट्रेनिंगची लिस्ट मी ऑफिसच्या ईमेलवरून केली होती. पहिल्या दिवशी ट्रेनर गेटवरून आत आले आणि मला विचारलं, "मॅडम, भिंतीला टेकवलेल्या त्या नऊ सायकली कुणाच्या?" त्या सिक्युरिटीच्या, हाउसकीपिंगच्या आणि कँटीनच्या लोकांच्या. त्यांना ईमेल नाही म्हणून लिस्टमध्ये नाहीत. आमच्यातले लोक हौसेने आठवड्यातून दोनदा सायकल काढतात, आणि ही माणसं पहाटे अंधारात येतात, रात्री अंधारात जातात, वर्षाचे बाराही महिने. मला फार लागलं ते.

त्यांची बॅच लगेच पुढच्या आठवड्यात लावली. ठेकेदार म्हणाला ड्युटी संपल्यावर घ्या, मी नाही म्हटलं, बारा तास उभं राहिलेल्या माणसाला परत दोन तास कसं थांबवणार. शेवटी कंपनीने ते तास ड्युटीतच धरले. एक सायकलवाला मेकॅनिक दिवसभर बसवला, ब्रेक शू, केबल, पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा, रिफ्लेक्टर, सायकलमागे आठशेच्या आत झालं. नऊपैकी चार सायकलींना पुढचा ब्रेकच नव्हता, केबल तुटली ती परत घातलीच नव्हती. माझे बाबा सांगतात की त्यांच्या वेळी पुण्यात सायकलला बिल्ला लागायचा आणि रात्री दिवा नसला की पोलीस हवा सोडायचे. आता कुणी विचारत नाही आणि दिवाही नाही.

सिक्युरिटीतले एक काका सूसकडून येतात. ते रोज पाचशे मीटर राँग साइडने यायचे कारण यू-टर्न फार लांब. मला वाटलं ट्रेनर आता त्यांना झापणार. पण ते दुसऱ्या दिवशी सकाळी काकांबरोबर त्यांच्या घरापासून सायकलवर आले आणि आतून एक गल्ली शोधून काढली, चार मिनिटं जास्त लागतात. काका तेव्हापासून तिकडूनच येतात. नुसतं "राँग साइडने येऊ नका" असा बोर्ड लावून हे झालं नसतं. हाउसकीपिंगच्या मावशींचा प्रश्न वेगळाच होता, साडीचा पदर आणि ओढणी. पदर खोचून पिन, ओढणी मागे गाठ मारून, चेनला पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी. स्लाइडवाल्यांकडे यातलं काहीच नव्हतं.

ड्रायव्हरांचं सेशन ट्रेनरनीच सुचवलं आणि ते नक्की घ्याच. कंपनीची बस पार्किंगमध्ये उभी केली, डाव्या अंगाला चार सायकली लावल्या आणि आम्हाला एकेक करून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. मला चारपैकी एकच दिसली, तीही अर्धी. इतकी वर्षं सिग्नलला मी बसच्या डावीकडून पुढे सरकत होते. आमचे बसवाले दादा म्हणाले, "मॅडम, तुम्ही तिथनं घुसता तेव्हा मला तुम्ही नसताच." नियम एवढाच, आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्याला आपणही दिसत नाही, अशा वेळी बसच्या मागेच थांबायचं. मग दादांना सायकलवर बसवून शेजारून हळू बस नेली. ते उतरल्यावर काही बोलले नाहीत पण आता ते जागा सोडून ओव्हरटेक करतात, मी स्वतः बघितलंय. कारवाल्या ड्रायव्हरांना डाव्या हाताने दार उघडायची सवय लावली, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागे नजर जाते. याला डच रीच म्हणतात, ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही २०२२ ला घातलंय.

पावसाळा यायच्या आत हे झालं ते फार बरं झालं. पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल वर येतं, पांढऱ्या पट्ट्या आणि कामाच्या लोखंडी प्लेटा साबणासारख्या होतात, त्यांच्यावर वळायचं नाही आणि ब्रेक मारायचा नाही, सरळ पार करायचं. रिम ब्रेक (चाकाच्या रिमवर रबर दाबणारे) ओले असले की आधी पाणी पुसलं जातं आणि मगच पकड येते, त्यामुळे लवकर दाबायला सुरुवात. पाणी साठलंय तिथे खड्डा आहे असंच धरायचं. जुलैमध्ये आमच्यातले दोघं घसरले, दोघंही लोखंडी प्लेटवरच, खरचटण्यावर निभावलं.

ग्रुपचं मात्र जड गेलं. दहा-दहा वर्षं सिंहगड, मुळशी करणारी मंडळी, "आम्हाला काय शिकवताय" हा सूर होता. त्यांना पार्किंगमध्ये नेलंच नाही, थेट खडकवासल्याच्या राइडला ट्रेनर सोबत आले आणि चहाला थांबल्यावर काय दिसलं ते सांगितलं. त्यातून तीन गोष्टी बदलल्या. खड्डा दिसला की पुढच्याने हात दाखवून ओरडायचं. सात-आठ जणांचे जथ्थे, दोन जथ्थ्यांच्या मधे गाडी शिरेल एवढी जागा. आणि कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा हायवेचा उतार पूर्ण बंद, तिथे ब्रेक फेल झालेले ट्रक काय करतात ते पुण्याला सांगायला नको. दोघं जण या निर्णयावर नाराज होऊन ग्रुप सोडून गेले, तरी निर्णय बरोबरच आहे.

काय कमी पडलं तेही सांगते. तीन महिन्यांनी सवय सुटते. सप्टेंबरमध्ये बघितलं तर बरेच जण परत कडेला चिकटलेले. मग तासाभराचा रिफ्रेशर घेतला आणि नवीन माणसासोबत पहिला आठवडा एक जुना माणूस त्याच्याच रूटवर जाईल असं ठरवलं, हे फुकटात होतं आणि त्याचाच उपयोग सगळ्यात जास्त झाला. अपघातानंतर काय करायचं (१०८, गाडीचा नंबर, जखमीचं हेल्मेट ओढून काढायचं नाही, मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचं संरक्षण आहे) हे फक्त वीस मिनिटांत उरकलं, त्याला तास द्यायला हवा होता. आणि सायकल ट्रॅकवर गाड्या लावलेल्या असतात त्याचं ट्रेनिंगने काही होत नाही, ट्रॅक सोडून रस्त्यावर कधी आणि कसं यायचं एवढंच शिकता येतं.

गेल्या आठवड्यात सूसचे काका केबिनपाशी येऊन उभे राहिले. त्यांची मुलगी अकरावीला आहे, सायकलने कॉलेजला जाते, तिला बॅचला बसवता येईल का म्हणून. कंपनीच्या बॅचमध्ये बाहेरचं माणूस घेता येत नाही, म्हणून तिला आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये घेतलंय. काका ड्युटीला तिची सायकल घेऊन आले होते ती मी बघून घेतली, ब्रेक नीट आहेत पण सीट फार उंच आहे, पाय जमिनीला टेकत नाहीत. रविवारी सकाळी आधी ती खाली करायची, मग चुन्याची रेघ.