एकट्याचा एक दिवस : मालवण की रत्नागिरी?

कोकणात सुटीवर असताना एक दिवस एकट्याने काढायचा असेल, तर मालवणला जावे की रत्नागिरीला, असा प्रश्न एका मैत्रिणीने विचारला.

पोहोचण्यासाठी रत्नागिरी सोपी आहे, कारण कोकण रेल्वेचे स्थानक शहरालगतच आहे. मालवणला मात्र कुडाळला उतरून पुढे एसटी किंवा रिक्षा करावी लागते. शहरात फिरताना हे गणित उलटते. थिबा राजवाडा, टिळकांचे जन्मस्थान आणि रत्नदुर्ग एकमेकांपासून लांब असल्याने रिक्षाचा खर्च एकट्यावर पडतो, तर मालवणात बाजारपेठ, धक्का आणि किनारा पायी होतात. सिंधुदुर्गाच्या होडीचे भाडेही माणशी असते.

पाहण्यासारखे म्हणाल, तर माझा कल सिंधुदुर्गाकडे आहे. १६६४ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या या जलदुर्गाचा दरवाजा तटाच्या वळणात असा दडवला आहे की, होडी अगदी जवळ येईपर्यंत तो दिसत नाही. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. मात्र परतीची होडी ठरलेली असल्याने तेथे मनसोक्त रेंगाळता येत नाही. थिबा राजवाड्यात ती घाई नसते, आणि ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजाने १९१६ पर्यंत काढलेल्या अखेरच्या वर्षांचा विचार करत निवांत फिरता येते.

पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा रत्नागिरीच निवडावी. इतिहासाची आवड आणि रेल्वेने परतण्याची घाई असणाऱ्यांनाही तीच सोयीची. ज्यांना कमी खर्चात, पायी, समुद्राच्या सोबतीने दिवस घालवायचा आहे, त्यांनी हिवाळ्यात मालवण गाठावे.