मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल: आईसाठी घेतलं, वाचून मी राहिली

सहा महिने वापरून झाल्यावर लिहून राहिली आहे. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कागद न् बाइंडिंगबद्दल लिहिलं असतं, आणि खरं सांगायचं होतं ते राहूनच गेलं असतं.

आधी कशासाठी घेतलं ते सांगते. आईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, शुगर आटोक्यात येत नव्हती म्हणून डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलत होते, आणि आमच्या घरातलं जुनं बायबल म्हणजे एकदम बारीक अक्षर, बाबांनी वापरून वापरून पानांच्या कडा काळ्या झालेल्या, स्तोत्रसंहितेची पानं तर सुटूनच आलेली. आई रोज पहाटे ट्यूबलाइटखाली खुर्ची ओढून भिंग घेऊन बसायची आणि दहा मिनिटांत पुस्तक बंद करायची. "दिसून नाही राहिलं गं," एवढंच म्हणायची. देवनागरीचं बारीक अक्षर आणखीनच वाईट, कारण जोडाक्षरं शाईनं भरून जातात, ष्ट आणि ष्ठ सारखेच दिसतात, मात्रा कुठे अनुस्वार कुठे काही कळत नाही. चांगल्या डोळ्यांनाही त्रास होतो, तिचं तर सोडाच.

पहिले ऑनलाइन मागवलं, हे माझं चुकलं. पेजवर मोठं अक्षर लिहिलेलं होतं, आलं ते घरातल्यापेक्षाही बारीक, वरून एक कोपरा दबलेला. परत पाठवून पैसे यायला बारा दिवस गेले. म्हणून पहिला सल्ला हाच की बायबल हातात घेऊन, उघडून, मगच घ्या. मी मग आमच्या नागपुरातल्या सदरला गेली, तिथे ख्रिस्ती पुस्तकांचं एक छोटं दुकान आहे, तिथल्या दादांनी मला एक गोष्ट सांगितली जी ऑनलाइन कोणी सांगत नाही. म्हणाले, स्तोत्र २३ काढा, पुस्तक हातभर लांब धरा, चष्मा काढा आणि वाचा, वाचता आलं तर आईला चष्मा लावून वाचता येईल. मी तीन साइझ तसे पाहिले आणि सगळ्यात मोठं घेतलं. बिल हजाराच्या आतच झालं.

सदरला गेलं की आई ऑल सेंट्स कॅथेड्रलकडे बोट दाखवून सांगतेच सांगते, की २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ते इथेच, आपल्या नागपुरात. ती तेव्हा शाळेत होती. त्या दिवशी घरीही सांगितलं. मी हो हो केलं. खरं म्हणजे तेव्हा माझं चर्चशी काही उरलंच नव्हतं. बाबा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले, त्यानंतर रविवारी मी आईला स्कूटीवर चर्चच्या गेटपर्यंत सोडायची आणि बाहेरच थांबायची, उपासना संपेपर्यंत मोबाइल बघत. देवावर रागावली होती असंही नाही, राग असता तर बरं झालं असतं, आतून सगळं सुकूनच गेलं होतं. तर हे पुस्तक विकत घेताना माझ्या डोक्यात अशी काही आशा नव्हती, आईची सोय झाली पाहिजे एवढंच.

आता पुस्तकाबद्दल. वजन दीड किलोच्या वर आहे, किचनच्या काट्यावर ठेवून पाहिलं. चर्चला न्यायला जड पडतं, पर्समध्ये तर विसराच, मांडीवर ठेवून वाचलं तर वयस्कर माणसाचे पाय अवघडतात. बाइंडिंग शिवलेलं आहे, चिकटवलेलं नाही, त्यामुळे मधोमध उघडलं की सपाट पडून राहतं, पान दाबून धरावं लागत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. कागद पातळच आहे, जुना करार आणि नवा करार मिळून ६६ पुस्तकं एका जिल्दीत बसवायची म्हणजे दुसरा इलाज नाही, मागच्या पानाची छाया थोडी दिसते पण कागद पिवळसर असल्यामुळे डोळ्यांवर चमकत नाही. खुणेची एकच फीत आहे, दोन पाहिजे होत्या, एक स्तोत्रांसाठी न् एक शुभवर्तमानांसाठी. आईनं दुसरी खूण म्हणून झावळ्यांच्या रविवारची (पाम संडेची) वाळलेली झावळीची पट्टी घातली आहे. आणि नागपूरच्या लोकांनी हे नक्की लक्षात ठेवा, कूलरसमोर ठेवू नका. पातळ कागद ओली हवा लगेच ओढतो, माझी पुस्तकाच्या सुरुवातीची पानं दोन रात्रींत लाटांसारखी झाली, ती आता सरळ होत नाहीत.

भाषा जुन्या वळणाची आहे. वल्हांडण, निवासमंडप, परुशी, जकातदार, असे शब्द येतात आणि ज्यांनी लहानपणी संडे स्कूल केलं नाही त्यांना अडखळायला होईल, त्यांच्यासाठी सोप्या मराठीतलं भाषांतरही मिळतं, दुकानात विचारा. पण मला ही जुनी भाषाच पाहिजे होती कारण आईला तीच पाठ आहे. एक शब्द तर असा आहे की त्याला दुसरा शब्दच नाही, उपकारस्तुती. आभार म्हटलं की काम संपतं, समारंभाच्या शेवटी आभारप्रदर्शन होतं न् लोक उठायला लागतात. उपकारस्तुतीत आधी उपकार आठवावा लागतो, काय मिळालं, कोणाकडून मिळालं, आणि मग तोंड उघडायचं. मराठीत नवा करार पहिल्यांदा १८११ ला मिशनरी विल्यम कॅरींच्या छापखान्यात, तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला छापला गेला, आणि पुढे पंडिता रमाबाईंनी तर मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते १९२४ ला छापून आलं, त्या जाऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा. माझ्या हातात आहे ते भाषांतर त्यांचं नाही, वेगळं आहे, पण एकेका शब्दासाठी किती लोकांनी आयुष्यं घातली आहेत हे कळल्यावर पान उलटताना हात आपोआप हळू होतो.

तर झालं असं की एवढं मोठं अक्षर आणूनही आईला वाचता आलं नाही. मोतीबिंदू तोवर पिकला होता. पहिल्या दिवशी तिनं बोटानं ओळ धरून पाहिली, अर्धी ओळ वाचली, मग पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, तू वाच. नाही कसं म्हणणार.

मी मत्तयाचा ५ वा अध्याय काढला, डोंगरावरचं प्रवचन, कारण तेच माहिती होतं. आई म्हणाली रेव्हरंड टिळक याच अध्यायावर अडकले होते. कवी ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते, गाडीत एका अनोळखी साहेबानं त्यांच्या हातात नवा करार दिला, आणि १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाले. मला मात्र त्या रात्री काहीच झालं नाही, हे खरं खरं लिहून राहिली आहे. पेपर वाचावा तसं वाचलं, आमेन म्हटलं, झोपली. असे वीस-बावीस दिवस गेले असतील.

मग एक दिवस आईनं स्तोत्र १३६ सांगितलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, या स्तोत्रात २६ ओव्या आहेत आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी तेच पालुपद आहे की त्याची दया सनातन आहे. अर्धी ओळ एकानं म्हणायची, पालुपद सगळ्यांनी. मी अर्धी ओळ वाचली आणि थांबली, आणि आईनं डोळे मिटून बाकीची म्हटली. मग पुढची, मग पुढची. तिला पुस्तक लागतच नव्हतं. मधे समुद्र दुभागला, रान आलं, सीहोन राजा आला, बाशानचा ओग आला, मला ती नावं नीट म्हणताही येत नव्हती, पण आई प्रत्येक वेळी तेवढ्याच शांतपणे आपली अर्धी ओळ पुरी करत होती. २५ व्या ओवीत येतं की तो सगळ्या प्राण्यांना अन्न देतो, तिथे ती पालुपदाच्या आधी हळूच म्हणाली, "हो ना, दिलंच की." तीन वर्षं पेन्शनवर आणि माझ्या अर्ध्या पगारावर घर चाललं, त्यात माझी नोकरी सात महिने नव्हती. मला ते सात महिनेच आठवत होते. तिला भाकर आठवत होती. मला पुढची ओळ वाचता येईना, अक्षर एवढं मोठं असून दिसेना, तर माझी अर्धी ओळही तिनंच म्हटली न् पुढची तिची पण.

त्यानंतर मी वाचायची वाट पाहायला लागली. एकदम काही उजळलं असं नाही, रोजचं थोडं थोडं, कोरड्या कुंडीत पाणी टाकलं की आधी नुसतं वाहून जातं, मग हळूहळू माती धरायला लागते, तसं.

लूकच्या १७ व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी आहेत. ते दूर उभे राहून येशूला हाक मारतात, तो त्यांना जायला सांगतो, जाताजाताच ते बरे होतात, आणि दहातला एकच परत येतो, तोही शोमरोनी, परका. मग प्रभू विचारतो, दहा बरे झाले होते ना, मग बाकीचे नऊ कुठे आहेत. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकली असेल. पण या वेळी "दूर उभे राहून" या तीन शब्दांवरच अडकली. २०२१ ला आमच्या घराला कोरोनाचा कागद चिकटवला होता, बाबा दवाखान्यात, मी न् आई दोघी पॉझिटिव्ह, १४ दिवस आम्ही खिडकीतून लोकांना हाका मारत होतो. आणि समोरच्या काकू रोज दोन वेळा गेटच्या कडीला कापडी थैली अडकवून, मागे सरकून, दुरून ओरडायच्या, "बेटा, खिचडी गरम आहे, लगेच खा." १४ दिवस. अठ्ठावीस थैल्या. त्यानंतर बाबा गेले, आणि त्या गडबडीत मी काकूंना एकदाही काही म्हटलं नाही, डबे सुद्धा आईनं परत केले. नऊ कुठे आहेत. मी इथेच होती, समोरच्या घरात.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी गेली त्यांच्याकडे. काय बोलायचं ठरवून गेली होती ते काही आलंच नाही, नुसतं "काकू, खिचडी..." एवढंच निघालं. त्यांनी मला आत ओढलं, बसवलं, चहा टाकला, आणि डोळे पुसत म्हणाल्या की त्या दिवसांत घरात बसून बसून जीव घाबरायचा, थैली बांधायची होती म्हणून तर सकाळी उठवत होतं. मला हे माहीतच नव्हतं. मी गेलीच नसती तर कधी कळलंही नसतं. बोलता बोलता जड बायबलचं सांगितलं, तर त्यांनी माळ्यावरून पोथी ठेवायचं घडीचं लाकडी स्टँड काढून दिलं, सासूबाईंचं, म्हणाल्या देवाचंच पुस्तक आहे ना, घेऊन जा. तेव्हापासून आमचं बायबल काकूंच्या स्टँडवर असतं आणि वजनाची माझी तक्रार संपली. तुम्हीही घेणार असाल तर तसं स्टँड नक्की घ्या, कव्हरपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

एक प्रश्न मात्र मला बरेच दिवस छळत होता. नव्या करारातल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, प्रेषित पौल लिहितो की सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. बाबांच्या जाण्याबद्दल मी उपकारस्तुती करू? हे मी आईला सरळ विचारलं, आवाज पण चढला माझा. ती म्हणाली शब्दाचा शेवट नीट बघ, काय लिहिलं आहे. मी बोट ठेवून पाहिलं. स्थितीत. "'बद्दल' लिहिलंय का तिथे?" म्हणाली. "नाही ना. मी पण नाही केली त्याबद्दल. मी त्या रात्रीही केली, ते वेगळं." मग गप्प बसली, मीही गप्प बसली. त्या रात्री तिनं कशाची उपकारस्तुती केली असेल ते मी विचारलं नाही.

नोव्हेंबरमध्ये आमच्या चर्चला हंगामाचा सण असतो, लोक शेतातलं, परसातलं, घरी केलेलं काही काही आणून वेदीपुढे ठेवतात, भोपळे, तुरीच्या शेंगा, गाठीचा कांदा, आंबिया बहाराची संत्री, आणि उपासना झाली की बाहेर मंडपात त्याचा लिलाव होतो. यंदा मी गेटबाहेर थांबली नाही. स्कूटी लावली न् आईचा हात धरून आत गेली, कोणी काही विचारलं नाही, एका बाईंनी नुसतं सरकून जागा दिली. लिलावात संत्र्यांची टोपली मी चढवत चढवत बाजारभावाच्या चौपट घेतली, आई "अगं पुरे" म्हणत राहिली, आणि ती टोपली घरी जायच्या आधी काकूंच्या कडीला अडकवून आली.

डिसेंबरमध्ये आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर थेंब चालू होते तोवर डॉक्टरांनी वाचू नको म्हटलं होतं, तिनं ऐकलं. मग एका पहाटे मला आवाजानं जाग आली. ती स्टँडपुढे बसून स्तोत्र १३६ मोठ्यानं वाचत होती, बोटानं ओळ न धरता, आणि अर्ध्यावर येऊन थांबत होती. मी अंथरुणातूनच पालुपद म्हटलं. ती वळून बघितली नाही, पुढची ओळ वाचली.

आता थोडक्यात बाकीचं. पाचपैकी साडेचार देते, अर्धा मार्क एकाच फितीसाठी कापला. पन्नाशीच्या पुढच्या कोणालाही भेट द्यायला चांगलं आहे, पण रोज चर्चला न्यायचं असेल तर मधला साइझ घ्या. चेनवालं कव्हर वेगळं मिळतं, मी घेतलं नाही, चेनचे दात पातळ पानात अडकतील अशी भीती वाटली. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. अमरावतीच्या मावशीसाठी अजून एक कॉपी सांगून ठेवली आहे, दुकानातले दादा म्हणाले मोठ्या साइझचा माल संपला आहे, पुढच्या आठवड्यात फोन करतो.